टाचेमागची वीट

कसोटी सामना सुरू होण्याआधी टीव्हीवर एक कडक इस्त्रीचा कोट घातलेला माणूस खेळपट्टीपाशी येतो, उकिडवा बसतो आणि खिशातली गाडीची किल्ली जमिनीत खुपसून पाहतो. किल्ली आत गेली तर तो गंभीरपणे मान हलवतो. नाही गेली तरी तितक्याच गंभीरपणे मान हलवतो. ऐंशीच्या दशकात ऑस्ट्रेलियात हा विधी इतका रुळला होता की किल्लीशिवाय सामना सुरूच करता येत नसावा असं मला वाटे. मग तो माणूस उठून, गुडघे झटकून, चांगली खेळपट्टी कशी असावी ते सांगतो. पहिल्या सकाळी थोडा ओलावा, म्हणजे वेगवान गोलंदाजांना उमेद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फलंदाजांना सुख. चौथ्या दिवशी भेगा पडायला सुरुवात आणि पाचव्या दिवशी फिरकी. बालपण, संसार आणि संधिवात, सगळं वेळच्या वेळी. मी डॉक्टर आहे. इतकं शिस्तीत आयुष्य मी माझ्या एकाही पेशंटचं पाहिलेलं नाही.

चांगल्या खेळपट्टीची माझी व्याख्या यापेक्षा पुष्कळ लहान आहे. ती मला किल्लीमुळे मिळाली नाही. घाबरल्यामुळे मिळाली.

मी मूळचा वसईचा. सत्तरच्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी घेऊन आलो. कालगुर्ली हे सोन्याच्या खाणींचं गाव, पर्थपासून गाडीने दिवसभराच्या अंतरावर. मधल्या रस्त्यावर बघण्यासारखं काही नाही, पण ते खूप आहे. गावातली माती तांबडी, माश्या चिकट, रस्ते मात्र इतके रुंद की एखाद्या राजधानीसाठी आखून चुकून इथे टाकले असावेत. पिण्याचं पाणीसुद्धा पर्थजवळच्या डोंगरातून पाइपातून यायचं.

आम्ही आलो त्यानंतर काही वर्षांनी माझा मेहुणा तिथल्या एका खाणीत मेटलर्जिस्ट म्हणून लागला आणि आमच्या मागच्या खोलीत राहायला आला. बायकोचा एकुलता धाकटा भाऊ. देखणा, आणि ते त्याला माहीत असलेला. येतानाच त्याचं लग्न ठरलेलं होतं. नाताळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ यांच्या मधल्या आठवड्यांत, वसईला, आमच्याच चर्चच्या धर्मग्रामातल्या मुलीशी. आम्ही सुट्टीवर वसईला जाऊन परतताना त्याला बरोबर घेऊन निघालो, तेव्हा विमानतळावर सासूबाईंनी माझा हात धरून सांगितलं होतं, "जसा नेताय तसा आणा." त्यांना काय म्हणायचं होतं ते मी तेव्हा साधारणच घेतलं होतं. पुढे ते वाक्य माझ्या कानात फार वाजलं.

कारण हा मुलगा क्रिकेट खेळायचा, आणि तो वसईत शिकला होता.

वसईतलं क्रिकेट म्हणजे काय ते सांगायला हवं. भाताची कापणी झाली की खाचरं मोकळी होतात. त्यातलं एक बांधाबांधात बसणारं खाचर निवडायचं, खुंट उपटायचे, बावखलातलं, म्हणजे वाडीतल्या तळ्यातलं, पाणी मारून दगडी रूळ फिरवायचा आणि वर काथ्याचं मॅटिंग अंथरून कडेने खिळे ठोकायचे. रविवारची चर्चमधली मिस्सा आटोपली की दुपारपर्यंत सामने. मॅटिंग ताणून बसवलं तर चेंडू थोडा उसळतो, सैल ठेवलं तर वळतो. त्यामुळे यजमान संघाचे गोलंदाज कोण आहेत त्यावर खिळे किती ठोकायचे ते ठरायचं, आणि पाहुणा संघ आल्या आल्या बुटाने मॅटिंग चाचपून भांडण काढायचा. एवढं असलं तरी चेंडू फारसा गुडघ्याच्या वर येत नसे. अशा जमिनीवर एकच गोष्ट शिकवावी लागते, पाय पुढे टाकायचा. मागे गेलास की चेंडू सरपटत येऊन घोट्यावर बसतो.

माझे सासरे शाळेत मास्तर होते आणि ते ही गोष्ट विटेने शिकवायचे. मुलगा बॅट घेऊन उभा राहिला की त्याच्या उजव्या टाचेला चिकटवून एक भाजकी वीट उभी ठेवायची. पाय मागे गेला की वीट पडते. वीट पडली की बांधावर बसलेली सगळी पोरं एका सुरात ओरडतात, "पळाला रे, पळाला!" विहिरीच्या कठड्याजवळून ती वीट आणायचं आणि टाचेमागे बरोबर बसवायचं काम माझ्या बायकोकडे असायचं. ती तेव्हा दोन वेण्यांतली मुलगी. सगळ्यांत मोठ्याने तीच ओरडायची, हे तिने मला लग्नानंतर अभिमानाने सांगितलं होतं.

कालगुर्लीत मेहुणा पहिल्यांदा नेटमध्ये उतरला त्या दिवशी मी गंमत म्हणून बघायला गेलो. भारतीय आहे म्हणजे बॅटिंग येत असणार, असं खाणीतल्या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. माझ्याबद्दलही त्यांनी तेच ठरवलं होतं, पण मी एकदा खेळून दाखवल्यावर तो विषय मिटला. नेटची जमीन काँक्रीटची, वर पातळ मॅटिंग. एक फिटर लांबून धावत आला आणि त्याने चेंडू आपटला. मेहुण्याचा डावा पाय पुढे गेला, डोकं पायाच्या वर आलं, बॅट सरळ, सगळं चित्रासारखं. आणि चेंडू त्याच्या कानाजवळून गेला. पुढचाही तसाच. त्याच्या पुढचा त्याच्या हनुवटीला विचारून गेला असावा.

"तुझा पोरगा शूर आहे, डॉक," त्यांचा कॅप्टन मला म्हणाला. तो खाणीत फोरमन होता. "सगळे मागे सरकतात. हा तोंड घेऊन पुढे येतो."

"शूर नाही," मी म्हटलं. "त्याच्या मागे वीट आहे."

कॅप्टनने वाकून बघितलं. वीट नव्हती. मग मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो इतका हसला की त्याला नेटची जाळी धरावी लागली. मला हसू आलं नाही. मी शनिवारी कॅज्युअल्टीत बसणारा माणूस होतो.

तिथल्या उन्हाळ्यातल्या शनिवारची कॅज्युअल्टी म्हणजे क्रिकेटचं मागचं दार. बोटं यायची, बरगड्या यायच्या, आणि अधूनमधून एखादा चेहरा. आदल्या हंगामात एक तरुण ड्रिलर आला होता. त्याच्या गालाचं हाड आत गेलं होतं. तो मला पुनःपुन्हा सांगत होता की चेंडू दिसला होता. त्याला पर्थला विमानाने पाठवलं. जीव वाचला, पण त्या डोळ्याने त्याला पुढे अंधूकच दिसायचं. खाली जमिनीत काम करायला त्याला परत घेतलं नाही. शरीरशास्त्राच्या परीक्षेसाठी चेहऱ्याची सगळी हाडं मी पाठ केली होती. त्या हंगामानंतर मेहुणा जेवताना समोर बसला की ती मला एकेक करून त्याच्या चेहऱ्यावर दिसायला लागली.

हेल्मेट तेव्हा नुकतीच आली होती, तीही मोठ्या खेळाडूंना, आणि ती घालणाऱ्याला लोक हसायचे. आमच्या गावात एकही नव्हतं. मी माझं मोटरसायकलचं हेल्मेट त्याच्यापुढे ठेवलं.

"हे लग्नात घालीन, भावोजी," तो म्हणाला. "फादर ओळखणार नाहीत, तेवढंच बरं."

"चेष्टा करू नकोस. निदान मागे जायला शीक."

"जातोय की. म्हणजे मी ठरवतो मागे जायचं. मग चेंडू येतो आणि पाय पुढे गेलेला असतो."

बायको भाजी चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "त्याला काही होत नाही. बाबांनी शिकवलंय त्याला. तुम्ही उगाच त्याच्या मनात भरवू नका."

"अगं, बाबांच्या खाचरात चेंडू गुडघ्याच्या वर येत नाही."

"आमच्यात कोणी मागे पळत नाही," ती म्हणाली. भाजीच्या सुरीचा आवाज वाढला. विषय संपला.

म्हणजे घरात घाबरलेला मी एकटाच होतो. बाहेर तर सगळे आनंदातच होते, कारण गावात नवी खेळपट्टी होणार होती. इतकी वर्षं सगळीकडे काँक्रीट आणि मॅटिंग. आता मुख्य मैदानावर खऱ्या गवताची, काळ्या चिकणमातीची, "कसोटी दर्जाची" खेळपट्टी. माती पर्थच्या बाजूने ट्रकने आणली होती. पर्थची खेळपट्टी जगातली सगळ्यांत वेगवान म्हणून प्रसिद्ध होती, आणि आपलीही तशीच होणार हे क्लबचे अध्यक्ष भेटेल त्याला सांगत होते. ते एका खाणीचे निवृत्त मॅनेजर. त्यांच्याकडे छाती होती आणि ती पुढे काढून चालण्याची सवय होती. गावातल्या बागा उन्हाने जळत असताना पाइपातलं पाणी महिनोन्‌महिने त्या पट्ट्यावर पडत होतं. वर रोलर फिरत होता. येता-जाता लोक गाडी थांबवून बघायचे, बाळंतिणीला बघायला यावं तसे. मीही थांबायचो. ती पट्टी दिवसेंदिवस कठीण, काळपट आणि तुकतुकीत होत चालली होती. उन्हात ती चमकली की मी गाडी सुरू करून निघायचो.

उद्घाटनाचा सामना नाताळच्या आधीच्या एका शनिवारी ठेवला. पर्थहून संघ येणार होता. त्यात एक गोलंदाज होता, व्यवसायाने प्लंबर, ज्याला राज्याच्या निवड समितीने बघून ठेवलं आहे असं सांगितलं जायचं. मेहुणा सलामीला जाणार होता. आणि मैदानावरचा डॉक्टर म्हणून मला बसवलं होतं.

सकाळपासून ऊन मी म्हणत होतं. अध्यक्षांनी फीत कापली आणि भाषण केलं. चांगली खेळपट्टी ही चांगल्या नागरिकासारखी असते, ते म्हणाले. कठीण, न्यायी आणि कोणाचीही भीड न ठेवणारी. ते स्वतः मॅनेजर असताना या तिन्हींपैकी फक्त कठीण होते असं माझे पेशंट सांगायचे. मग त्यांनी वाकून खेळपट्टीवर टकटक केलं आणि कान लावला. सगळे शांत झाले. काय ऐकू आलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण ते समाधानी दिसले.

पर्थच्या संघाने आधी बॅटिंग केली. मी सीमारेषेजवळ एका छत्रीखाली, पायाशी बॅग घेऊन, खेळपट्टीच्या अगदी आडव्या बाजूला बसलो होतो. बायको शेजारी. तिने नवा फ्रॉक आणि काळा गॉगल घातला होता आणि माश्या हाकलत ती अध्यक्षांच्या बायकोशी गप्पा मारत होती. मला गप्पा सुचत नव्हत्या. मी चेंडू बघत होतो. आपला फिटर टाकत होता, तो काही प्लंबर नव्हता, तरी चेंडू पट्टीवर पडून जो उठायचा तो बघून मी पायाशी असलेली बॅग आणखी जवळ ओढत होतो. घाबरलेला माणूस पुस्तकात बघत नाही, आकाशात बघत नाही. त्याला ज्याची भीती वाटते तिथेच तो बघत राहतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या इतकं लक्ष देऊन त्या पट्टीकडे कोणीच बघितलं नसेल.

आणि बघता बघता माझ्या एक लक्षात यायला लागलं. आखूड टप्प्याचा चेंडू एका विशिष्ट पट्ट्यात पडला की तो सरळ उभ्या फलंदाजाच्या छातीशी जायचा. दर वेळी छातीशीच. पोटाशी नाही, डोक्यावर नाही. थोडा पुढे पडला की कमरेशी. सकाळी तसंच, जेवणाआधी तसंच. वसईच्या मॅटिंगवर काय होईल हे खिळा ठोकणाऱ्यालाही माहीत नसायचं. इथे मला, ज्याला बॅट धरता येत नाही त्याला, चेंडू जमिनीला लागताच तो कुठे जाणार ते सांगता येत होतं. याचा मला त्या क्षणी काही उपयोग वाटला नाही. वाघ वेळेवर येतो हे कळल्याने भीती थोडीच जाते.

दुपारी आमची बॅटिंग आली. त्या सुमाराला दक्षिणेकडच्या दूरच्या समुद्रावरून वारा सुटतो आणि उकाडा जरा कमी होतो. लोक त्याची वाट बघत असतात. त्या दिवशी तो प्लंबरच्या पाठीमागून वाहत होता.

मेहुणा डोक्यावर नुसती कापडी टोपी घालून उतरला. जाताना त्याने आमच्याकडे बघून बॅट हलवली. बायकोने हात हलवला. "बघा आता," ती मला म्हणाली.

पहिला चेंडू. प्लंबर सीमारेषेच्या अलीकडून धावत आला. चेंडू मला दिसलाच नाही, फक्त मेहुण्याचा डावा पाय पुढे जाताना दिसला, आणि मग टोपी. टोपी हवेत होती. क्षणभर मला टोपीत डोकं आहे की नाही ते कळलं नाही. मग तो वाकून टोपी उचलताना दिसला. चेंडू टोपीच्या कडेला लागून गेला होता. मैदानभर एक "ऊह" उठला. त्यात कौतुक होतं.

बायकोच्या हातातला ग्लास सांडला होता. तिने तो उचलला नाही.

दुसरा चेंडू. पाय पुन्हा पुढे. या वेळी त्याने डोकं वळवलं आणि चेंडू खांद्यावर आदळला. तो आवाज आमच्यापर्यंत आला. तो गुडघ्यावर बसला. मी बॅग घेऊन धावत सुटलो. धावताना बॅगेतल्या बाटल्या वाजत होत्या आणि माझ्या कानात सासूबाई बोलत होत्या.

"कुठे लागलं? हात वर कर. डोकं? गरगरतंय?"

"खांद्याला. भावोजी, सगळे बघतायत, असं कुरवाळू नका."

हाड शाबूत होतं. त्याचे ओठ मात्र पांढरे पडले होते. हा मुलगा घाबरलेला मी पहिल्यांदा बघत होतो.

"चेंडू दिसतोय मला," तो हळूच म्हणाला. "अगदी नीट दिसतोय. पाय ऐकत नाही."

चेंडू दिसला होता. तो ड्रिलरही हेच म्हणत होता. "चल," मी म्हटलं. "मी सांगतो तू अनफिट आहेस. माझ्या शब्दापुढे इथे कोणी बोलणार नाही."

"आणि ताईला काय सांगाल?"

"नवरदेव शाबूत आहे म्हणून सांगेन."

तो हसला, म्हणजे त्याने दात दाखवले. मी ते सगळे आहेत ना ते बघून घेतलं. "बाबांना कळेल हो," तो म्हणाला. "ती कळवेलच. पहिल्याच ओव्हरला पळाला म्हणून."

जवळ उभ्या असलेल्या एका फील्डरने विचारलं, "काय भाषा आहे ही, मेट? शिव्या घालतोयस का त्याला?"

"अजून नाही," मी म्हटलं.

अंपायर म्हणाले, "डॉक, तुम्ही पण खेळणार आहात का? नाहीतर आम्हाला खेळू द्या."

मला त्याला दंडाला धरून बाहेर न्यायचं होतं. पण तो जागचा हलत नव्हता. मग सकाळपासून जमवलेलं एवढंच काय ते माझ्याजवळ होतं, ते मी त्याला दिलं. "ऐक. मी आडव्या बाजूने बघतोय. आखूड पडला की छातीशी येतो. दर वेळी छातीशीच. ही पट्टी एकदाही फसवत नाहीये. तू पुढे वाकतोस म्हणून तिथे तुझं डोकं येतं. मागे जा, सरळ उभा राहा, तो तुझ्या छातीपुढेच येईल."

"मला पटलंय," तो म्हणाला. "पायाला पटवा."

मी परत आलो. बायको खुर्चीत नव्हती. ती अगदी सीमारेषेवर उभी होती, गॉगल काढून, दोन्ही हातांनी फ्रॉक मुठीत धरून. तिचा चेहरा तिच्या भावासारखाच पांढरा पडला होता.

प्लंबर वळला. धावायला लागला. आणि त्याच वेळी माझी बायको ओरडली. ती हॉस्पिटलमध्ये इंग्रजीत, हळू आवाजात बोलणारी नर्स होती. तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. तो भातखाचराच्या बांधावरचा आवाज होता.

"मागे जा! अरे, मागे जा! वीट नाहीये तिथे! मी काढली वीट! पळ रे, पळ!"

अख्ख्या मैदानावर तो एकच आवाज. प्लंबर त्याने थोडासुद्धा ढळला नाही. चेंडू त्याच पट्ट्यात पडला, आखूड. आणि मेहुण्याचा उजवा पाय मागे गेला. बेढब, घसरत, पाय मागे टाकायला आदल्याच दिवशी शिकलेल्या माणसासारखा. पण गेला. चेंडू उठला, छातीशी आला, बरोबर जिथे यायचा तिथे, आणि उभ्या बॅटला लागून त्याच्या पायाशी मेलेल्या माशीसारखा पडला.

एकही धाव झाली नव्हती. आमच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"काय म्हणाली ती?" अध्यक्षांच्या बायकोने मला विचारलं.

"शाबास म्हणाली," मी सांगितलं. खरं सांगत बसलो असतो तर चहाची वेळ टळली असती.

तो चहापर्यंत टिकला. त्यातल्या प्रत्येक चेंडूला मी मेलो आणि जिवंत झालो. मध्ये एकदा पाय चुकून पुढे गेला तेव्हा बायकोने माझ्या मनगटात नखं रुतवली. ती खूण पुढे बरेच दिवस होती. धावा त्याने फार केल्या नाहीत. शेवटी यष्टीरक्षकाकडे झेल देऊन तो बाद झाला, तेव्हा आम्ही दोघं इतक्या आनंदाने उभं राहून टाळ्या वाजवायला लागलो की पर्थच्या लोकांना आम्ही त्यांच्या बाजूचे वाटलो.

नंतर अध्यक्ष माझ्याजवळ आले. "मग डॉक्टर, आमची खेळपट्टी कशी वाटली?"

"मला आयुष्यात इतकी भीती कधीच वाटली नव्हती," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला. मी गाव सोडेपर्यंत क्लबच्या प्रत्येक समारंभात ते माझं हे वाक्य प्रशस्तिपत्रासारखं म्हणून दाखवत.

नाताळनंतर आम्ही तिघं वसईला गेलो. विमानतळावर सासूबाईंनी मुलाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. जसा नेला तसा आणला होता. गेले कित्येक महिने मानेच्या मागे जे आखडलेलं होतं ते मोकळं झालं. रात्री गाढ झोपलो.

लग्नाच्या दोन दिवस आधी, सकाळी, मांडव घालायचं काम चालू असताना सासरे म्हणाले, चल, बघू ऑस्ट्रेलियाने काय शिकवलंय. मागच्या खाचरात मॅटिंग अंथरलेलंच होतं. साठीचे सासरे, धोतर खोचून, चार पावलं चालत येऊन चेंडू टाकणार. चेंडूही जुना, मऊ झालेला. मी बांधावर चहा घेऊन बसलो. घाबरण्यासारखं तिथे काहीच नव्हतं. म्हणून मी बघतही नव्हतो.

सासऱ्यांनी आधी सवयीने वीट आणून टाचेमागे उभी केली होती. ते चेंडू टाकायला आले. मेहुण्याचा पाय मागे गेला, आता त्याची ती सवय झाली होती, टाच विटेवर आपटली आणि त्याचा तोल गेला. त्याच वेळी चेंडू मॅटिंगच्या कडेला, अर्ध्या बाहेर आलेल्या खिळ्याच्या डोक्यावर पडला. त्या खाचरात चेंडू गुडघ्याच्या वर येत नाही, असं मी छातीठोकपणे सांगत आलो होतो. तो भुवईवर आला.

रक्त बघून चहाचा कप माझ्या हातातून कधी गेला ते कळलं नाही. डोळा, डोळा, एवढंच डोक्यात. धावताना पुन्हा तेच बाटल्यांचे आवाज ऐकू येत होते, बॅग तर घरात होती. मेहुणा मॅटिंगवर बसला होता आणि बोटांमधून रक्त गळत होतं. मी त्याचा हात बाजूला केला. डोळा ठीक होता. त्याच्या वर भुवई उसवली होती. मी किती वेळ तो डोळा उघडून बघत बसलो कोण जाणे. शेवटी तोच म्हणाला, "भावोजी, दिसतंय हो मला. तुम्हाला रडू येतंय."

"मागे पळाला," सासरे म्हणत होते. त्यांचाही आवाज कापत होता. "तिकडे जाऊन मागे पळायला शिकला."

बायको घरातून धावत आली. तिने भावाकडे बघितलं, मग विटेकडे. तिने ती वीट उचलली, बांध ओलांडून गेली आणि बावखलात फेकून दिली. इतकी वर्षं ती आणून बसवण्याचं काम तिचंच होतं, तेव्हा ती टाकून द्यायचा हक्कही तिचाच.

भुवईला टाके मी घातले, घराच्या ओटीवर, शेजारपाजाऱ्यांच्या सल्ल्यांच्या गजरात. ते जरा वाकडे आले. त्या टाक्यांसकट तो लग्नाला उभा राहिला. फादरांनी ओळखलं.

तेव्हापासून कोणी मला चांगली खेळपट्टी म्हणजे काय असं विचारलं, आणि ऑस्ट्रेलियात हे विचारणारे पुष्कळ भेटतात, तर मी सांगतो की जिथे कशाला घाबरायचं ते आधी कळतं ती चांगली. विचारणाऱ्याला हे उत्तर आवडत नाही. त्यात ओलावा नाही, भेगा नाहीत, किल्लीलाही काही काम नाही.

पुढे मेहुण्याने ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर वॉलॉंगॉंगला पोलादाच्या कारखान्यात नोकरी धरली. त्याच्या बैठकीत लग्नाचा फोटो आहे. त्यात नवरीच्या शेजारी तो उभा आहे, एका डोळ्यावर पांढरी पट्टी, सूज गालापर्यंत उतरलेली. कारखान्यातले मित्र आले की फोटोपाशी थांबतात. कालगुर्लीच्या त्या सामन्याची गोष्ट त्यांनी ऐकलेली असते. ते आदराने विचारतात, "हा त्या पर्थच्या फास्ट बोलरचा, मेट?"

"नाही," मेहुणा म्हणतो. "माझ्या बाबांचा."

कोणाचाही विश्वास बसत नाही.